बरा झालेला पेशंट वॉर्डात दिसत नाही
(लेखमाला : मनोरुग्णांची शुश्रूषा – भाग सहावा)

मागच्या भागात ताणाचं शरीरशास्त्र पाहिलं. धोका जाणवताच ॲड्रिनलिन उसळतं, पाठोपाठ कॉर्टिसॉल वाढतं. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये मांडलेल्या क्रमाने शरीर आधी दचकून सावध होतं, मग तग धरतं आणि ताण हटलाच नाही तर थकून हात टेकतं. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत यानंतर ताणाशी सामना करण्याचे उपाय येतात : दीर्घ श्वसन, योगासनं, छंद, वेळेचं नियोजन, सकारात्मक विचार. परीक्षेत ही यादी लिहून मार्क मिळतात, आणि यादी चुकीचीही नाही. पण तिच्यात एक गोष्ट न बोलताच मान्य केलेली असते. ताण वॉर्डात तयार होतो, त्याची विल्हेवाट मात्र सिस्टरने स्वतःच्या मनात आणि स्वतःच्या वेळात लावायची. हे गृहीतक मला पटत नाही. अंगावर धावून येणारा पेशंट, शिवीगाळ, रात्रभराची आरडाओरड हे सगळं माणसाला झिजवतंच. तरी दीर्घकाळात जास्त खोल झीज होते ती दोन उणिवांमुळे, असं माझं म्हणणं आहे : आपलं काम कसं करायचं यात आपल्या शब्दाला किंमत नसणं, आणि केलेल्या कामाचं पुढे काय झालं हे कधीच न कळणं. या दोन्ही उणिवा सिस्टरच्या मनात नसतात, वॉर्डाच्या रचनेत असतात.

या म्हणण्याचा पुरावा आधी प्रयोगशाळेत सापडतो, आणि तोही एका फसलेल्या प्रयोगापासून. १९५८ साली अमेरिकेतल्या वॉल्टर रीड संस्थेत जोसेफ ब्रेडी यांनी माकडांच्या जोड्या घेतल्या. दोघांना विजेचे झटके सारखेच बसत. पण एकाच्या हाताशी असलेली दांडी वेळेवर दाबली की दोघांचाही झटका टळे. दुसऱ्याच्या दांडीचा काहीच उपयोग नव्हता. दांडी सांभाळणारी माकडं पोटात अल्सर होऊन मेली, जोडीदारांना तसं काही झालं नाही. ‘एक्झिक्युटिव्ह मंकी’ या नावाने हा प्रयोग गाजला आणि जबाबदारीच माणसाला आजारी पाडते, हा समज पक्का झाला. पुढे लक्षात आलं की दांडी कुणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलंच नव्हतं. आधीच्या चाचणीत जी माकडं भराभर दांडी दाबत होती, त्यांनाच ती दिली गेली होती. जे वाइस यांनी १९७० च्या आसपास रॉकफेलर विद्यापीठात उंदरांवर हाच प्रयोग नीट मांडणी करून केला, तेव्हा निकाल उलटा आला. झटके तेवढेच बसूनही, झटका थांबवण्याचा उपाय ज्याच्या हाती होता त्या उंदराच्या जठराला कमी जखमा झाल्या. हतबल जोडीदाराला जास्त. वाइस यांनी त्यावरून असं मांडलं की जखमा दोन गोष्टींवर ठरतात : प्राणी किती धडपडतो, आणि त्या धडपडीचा उपयोग झाल्याची खूण त्याला मिळते का. धडपड भरपूर आणि खूण काहीच नाही, ही सगळ्यांत वाईट अवस्था. ब्रेडींच्या माकडांचं मरणही मग उलगडतं. ती अखंड दांडी दाबत होती, पण झटका टळल्याची खूण त्यांना जवळपास मिळतच नव्हती.

उंदरावरून थेट सिस्टरवर उडी मारणं बरं नव्हे, म्हणून वॉर्डातलीच स्थिती पाहू. सर्जरीच्या वॉर्डात टाके निघतात, पेशंट चालत घरी जातो, जाताना नातेवाईक पेढेही देऊन जातात. मनोविकारांच्या वॉर्डात औषधाचा गुण दिसायला आठवडे लागतात, आणि सिस्टर रोज दहा मिनिटं शेजारी बसून बोलली त्याचा गुण किती, हे कुठल्याच केसपेपरवर उमटत नाही. पेशंट सुधारला तर श्रेय गोळीला. बिघडला तर पहिला प्रश्न, ‘ड्युटीवर कोण होतं?’ डिस्चार्जनंतर तो ओपीडीत येतो, किंवा आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात जातो, किंवा औषध चालू ठेवून कामधंद्याला लागतो. वॉर्डाच्या दारातून पुन्हा आत येतो तो फक्त पुन्हा आजारी पडलेला. पॅट्रिशिया आणि जेकब कोहेन यांनी १९८४ मध्ये याला ‘क्लिनिशियन्स इल्युजन’ असं नाव दिलं. जे लवकर बरे होतात ते नजरेआड जातात, जे दीर्घकाळ आजारी राहतात ते सतत समोर असतात, म्हणून उपचार करणाऱ्यांना आजार असतो त्याहून अधिक चिवट वाटू लागतो. हा भ्रम किती मोठा असू शकतो ते १९८७ मध्ये कोर्टनी हार्डिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. अमेरिकेतल्या व्हर्माँटच्या सरकारी मनोरुग्णालयात मागच्या वॉर्डांत पडून असलेल्या, कुणालाच फारशी आशा नसलेल्या रुग्णांचा त्यांनी सरासरी ३२ वर्षांनी माग काढला. निम्म्या ते दोन-तृतीयांश लोकांची स्थिती बरीच सुधारली होती किंवा ते पूर्ण बरे झाले होते. वर्षानुवर्षं एकाच वॉर्डात राबणाऱ्या परिचारिकेला आपल्या पेशंटांविषयी अशी बातमी मिळण्याची सोय जवळपास कुठेच नसते. ‘यांचं काही होत नाही’ हे वाक्य ती बोलते तेव्हा ते निष्ठूरपणातून आलेलं असतंच असं नाही. तिच्यासमोर येतो तो पुरावा तेवढंच सांगतो.

आता पहिली उणीव, म्हणजे कामातल्या अधिकाराची. इझाबेल मेंझीस या मनोविश्लेषक बाईंनी लंडनच्या एका शिकवणाऱ्या रुग्णालयाचा अभ्यास १९६० मध्ये प्रसिद्ध केला. ते मनोरुग्णालय नव्हतं, तरी परिचर्येतल्या ताणाविषयी आजवर जे लिहिलं गेलं त्यात मला तो सर्वांत भेदक वाटतो. तिथे शिकाऊ परिचारिकांपैकी सुमारे एक-तृतीयांश जणी प्रशिक्षण अर्धवट सोडून जात, आणि त्यांतल्या बहुतेक स्वतःहून. मेंझीस यांना आढळलं की आजार, वेदना आणि मृत्यू यांच्या सान्निध्याने येणारी भीती अंगावर येऊ नये म्हणून रुग्णालयाने कामाची एक पद्धतच उभी केली होती. एका पेशंटचं सगळं काम एकीकडे न देता कामांची यादी वाटून टाकायची. पेशंटला नावाऐवजी खाटेच्या नंबराने किंवा आजाराने ओळखायचं. प्रत्येक गोष्ट पुन्हा पुन्हा तपासायची. लहानसा निर्णयही वरच्याकडे ढकलायचा. आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात हे दृश्य ओळखीचं वाटेल. अशा पद्धतीने भीती तात्पुरती दबते. पण आपल्या हातून एक माणूस बरा झाला, हा दिलासाही परिचारिकेला मिळत नाही, हे मेंझीस यांनी स्पष्ट नोंदवलं आहे. म्हणजे ज्या व्यवस्थेने तिला ताणापासून वाचवायचं, तीच तिच्या हातातली दांडी काढून घेते आणि उपयोगाची खूणही पुसून टाकते. शिवाय या वॉर्डात भीती एकीपाशीच थांबत नाही. हिल्डगार्ड पेप्लाव यांनी १९५२ च्या पुस्तकात परिचर्येचा गाभाच मुळी दोन माणसांच्या नात्यात पाहिला, आणि चिंता एका माणसाकडून दुसऱ्याकडे झिरपते यावर त्या भर देत. तुटक, घाईत, नजर टाळून बोलणाऱ्या सिस्टरसमोर आधीच घाबरलेला पेशंट अधिक घाबरतो, अधिक घाबरलेला पेशंट अधिक आक्रमक होतो, आणि मग सिस्टर अजून दूर जाते.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो : एकाच वॉर्डात, एकाच पाळीत एक सिस्टर खचते आणि दुसरी हसत काम करते, मग प्रश्न स्वभावाचाच नाही का? स्वभावाचा वाटा नाकारण्याचं कारण नाही. रिचर्ड लॅझरस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये मांडलंच आहे की ताण हा घटनेपेक्षा तिच्या मूल्यमापनावर ठरतो. माणूस आधी विचारतो, यात माझं काही धोक्यात आहे का. आणि मग विचारतो, यावर मला काही करता येईल का. हा दुसरा प्रश्न मात्र एकट्या मनाने सुटत नाही. हाताशी माणूस आहे का, इनचार्ज सिस्टर पाठीशी उभी राहील का, डॉक्टर फोन उचलतील का, यांवर त्याचं उत्तर ठरतं. दोघींची उत्तरं वेगळी येतात ती पुष्कळदा दोघींची वॉर्डातली पत वेगळी असते म्हणून. लॅझरस-फोकमन हेही सांगतात की परिस्थिती खरोखर बदलण्यासारखी नसेल तेव्हा भावना सावरणं हाच शहाणपणाचा मार्ग असतो. रात्री तीन वाजता दीर्घ श्वसन कामाला येतं, ते त्यामुळेच. पण बदलता येण्यासारखी परिस्थिती न बदलता फक्त श्वसन शिकवत राहणं ही वेगळी गोष्ट झाली, आणि त्याचे निकाल आता उपलब्ध आहेत. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ताणनियोजनाची शिबिरं, सजगतेचे वर्ग, ॲप अशा उपक्रमांत भाग घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा बरे असल्याचं त्यांना आढळलं नाही. अपवाद एकच : स्वयंसेवेची संधी. हा सगळ्या क्षेत्रांतल्या नोकरदारांचा अभ्यास आहे आणि एका वेळी घेतलेल्या पाहणीवर आधारलेला आहे, हे खरं. तरी शिबिर भरवून कर्तव्य संपलं असं मानणाऱ्यांना तो अडचणीचाच आहे. मारहाणीसारख्या प्रसंगानंतर सगळ्यांना एकत्र बसवून ‘मन मोकळं करा’ म्हणण्याची प्रथाही अशीच चांगल्या हेतूने पसरली. पण अशा एका बैठकीने पुढचा आघातजन्य विकार टळत नाही, असा निष्कर्ष कॉक्रेनच्या २००२ च्या समीक्षेने काढला. एका प्रयोगात तर धोका वाढलेला दिसला. ज्याला बोलायचं आहे त्याला ऐकणारं माणूस मिळावं, आणि ज्याला नको त्याच्यावर जबरदस्ती नसावी, एवढंच त्यातून घ्यायचं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. माणसंच पुरेशी नाहीत तिथे अधिकार आणि खुणा यांच्या गोष्टी कसल्या करता? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या मेंटल हेल्थ ॲटलासमध्ये भारतात दर लाख लोकसंख्येमागे मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या परिचारिकांचं प्रमाण ०.८ दिलं आहे, म्हणजे लाखाला पुरती एकसुद्धा नाही. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. एकट्या येरवड्याची मंजूर क्षमता २,५४० खाटांची. भरती व्हायलाच हवी, यात वाद नाही. मात्र रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये दाखवलं की कामाचा बोजा आणि कामातला अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वाधिक मानसिक ताण बोजा जास्त आणि अधिकार कमी असलेल्या कामांत आढळतो; बोजा जास्त पण अधिकारही जास्त असलेली कामं तितकी जाळत नाहीत. पदं भरायला वर्षं लागतात आणि तो निर्णय मंत्रालयात होतो. ड्युटीचा तक्ता करताना वॉर्डातल्या सिस्टरांना विचारायचं की नाही, हे मात्र मेट्रन उद्यापासून ठरवू शकते.

तिसरा आक्षेप पेशंटच्या बाजूने येतो, आणि तो मला सर्वांत रास्त वाटतो. मनोरुग्णालयांचा इतिहास पाहता तिथल्या कर्मचाऱ्यांना अधिक अधिकार देणं म्हणजे बांधून ठेवण्याची मोकळीक देणं होणार नाही का? याच भीतीपोटी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९७ ने एकांतकोठडीला पूर्ण मनाई केली. शारीरिक बंधन घालायचं तर तात्काळ होणारी इजा टाळायला दुसरा उपायच नसेल तेव्हा, प्रभारी मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, आणि गरजेपेक्षा क्षणभरही जास्त नाही. शिक्षा म्हणून नाही, आणि केवळ कर्मचारी कमी आहेत या सबबीवरही नाही. ही शेवटची अट घालणाऱ्यांना वॉर्डांची चांगली माहिती असली पाहिजे. मी म्हणतो तो अधिकार पेशंटवरचा नाही. प्रसंग हाताबाहेर जाण्याआधी काय करायचं, याचा आहे. त्याचा प्रयोग ब्रिटनमध्ये लेन बॉवर्स आणि सहकाऱ्यांनी ‘सेफवॉर्ड्स’ या नावाने केला. १५ रुग्णालयांतल्या ३१ वॉर्डांत चिठ्ठ्या टाकून विभागणी झाली, निकाल २०१५ मध्ये आले. परिचारिकांच्याच हातातल्या दहा साध्या गोष्टी होत्या : नकार देताना शब्द कसे वापरायचे, वाईट बातमी कळलेल्या पेशंटकडे आधीच लक्ष कसं द्यायचं, ओव्हर देताना प्रत्येक पेशंटविषयी एक तरी चांगली गोष्ट कशी सांगायची, वगैरे. भांडणं आणि त्यासारखे प्रसंग १५ टक्क्यांनी कमी झाले. बांधणं, जबरीने इंजेक्शन देणं, वेगळं ठेवणं अशा उपायांचा वापर २६.४ टक्क्यांनी घटला. नोंदी कर्मचाऱ्यांनीच ठेवल्या होत्या, त्यामुळे आकडे थोडे सैल धरावे लागतील. तरी दिशा लक्षात घेण्याजोगी आहे : सिस्टरच्या हातात उपाय वाढले, तशी पेशंटवरची सक्ती कमी झाली.

त्या दहांतली एक गोष्ट या लेखाच्या विषयाशी थेट जोडलेली आहे. घरी जाणारा पेशंट एका कार्डावर दोन ओळी लिहून जातो, आत राहिलेल्यांसाठी, आणि ते कार्ड वॉर्डात सगळ्यांना दिसेल असं टांगलं जातं. हेतू नव्या पेशंटांना धीर देण्याचा. वाचतात ते सिस्टर आणि ब्रदरही. आपल्याकडे त्याला आणखी दोन जोड देता येतील. वॉर्डातल्या प्रत्येकीला आळीपाळीने फॉलोअपच्या ओपीडीत ड्युटी लावावी, म्हणजे आपण भरवलेला, आंघोळ घातलेला, रात्रभर सांभाळलेला माणूस स्वतःच्या पायांनी गोळ्या घ्यायला आलेला तिला दिसेल. आणि डिस्चार्जच्या वेळी पेशंटची संमती घेऊन, महिन्या-दोन महिन्यांनी वॉर्डातूनच एक फोन व्हावा, तोही ज्या सिस्टरशी त्याचं जमलं होतं तिनेच करावा. गुप्ततेचा प्रश्न संमतीने सुटतो; खर्चाचा प्रश्न लँडलाइनच्या बिलाएवढा. काही फोनांवर वाईटच बातमी येईल, औषध सोडलं म्हणून किंवा घरच्यांनी हाकललं म्हणून. तीही पेशंट पुन्हा दाराशी येण्याआधी कळलेली बरी, कारण तेव्हा करण्यासारखं काहीतरी उरलेलं असतं.

पुढच्या भागात : रात्रपाळी, झोप आणि औषधं देतानाच्या चुका.