टोर्नेडो : वादळाचे शास्त्र आणि एका निषिद्ध शब्दाचा इतिहास

फाल्गुन-चैत्रातील दुपारी आपल्या शाळेच्या मैदानावर वावटळ उठते. वाळलेली पाने, कागदाचे कपटे आणि माती घेऊन ती गिरक्या घेत कुंपणापर्यंत जाते आणि तेथेच विरते. वसतिगृहात नव्याने आलेली लहान मुले तिला पाहून दोन पावले मागे सरकतात. एखादा तिच्या दिशेने थुंकतो. वावटळीत भूत असते, असे घरच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले असते. वर्षभरात भुताची भीती जाते, कुतूहल मात्र राहते. मग कोणीतरी विचारतेच, "सर, अमेरिकेतली वावटळ घरे उचलून नेते, ते खरे का?"

मी इतिहासाचा विद्यार्थी. हा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षकांकडे सोपवून मोकळे होणे मला सहज शक्य होते. परंतु उत्तर शोधताना लक्षात आले की, या वादळाचा इतिहास जितका हवेचा आहे तितकाच माणसांचाही आहे. धोका कोणाला सांगायचा, कोणाला सांगायचा नाही आणि मेलेल्यांत कोणाला मोजायचे, हे प्रश्न त्यात पदोपदी येतात.

प्रथम नावांचा घोळ दूर केला पाहिजे. आपली वर्तमानपत्रे पुष्कळदा टोर्नेडोला 'चक्रीवादळ' म्हणतात. ते बरोबर नाही. चक्रीवादळ समुद्रावर जन्मते, शेकडो किलोमीटर पसरते आणि कित्येक दिवस टिकते. टोर्नेडोला परिभाषेत घूर्णवाती वादळ म्हणतात. त्याची रुंदी बहुधा काही शे मीटर आणि आयुष्य काही मिनिटांचे. आपली वावटळ या दोहोंपेक्षा निराळी. ती निरभ्र आकाशाखाली, तापलेल्या जमिनीवरून वर चढते. टोर्नेडोचे मूळ मात्र वर, गडगडाटी ढगात असते आणि त्याचा स्तंभ ढगापासून जमिनीपर्यंत पोहोचलेला असतो. दिसायला दोन्ही सारखी, म्हणून मुलांची गल्लत होते.

अमेरिकेच्या मध्यभागातील मैदानी प्रदेशात वसंत ऋतूमध्ये तीन प्रकारची हवा एकत्र येते. मेक्सिकोच्या आखातावरून उष्ण व दमट हवा जमिनीलगत येते. नैऋत्येकडून कोरडी हवा येते. आणि उंचावर थंड वारे वेगाने वाहत असतात. खालची हलकी हवा वर उसळते व प्रचंड ढग तयार होतो. एवढ्याने केवळ पाऊस आणि गारा पडतील. परंतु जमिनीलगतच्या आणि उंचावरच्या वाऱ्यांचा वेग व दिशा वेगळी असेल, तर मधली हवा आडव्या लाटण्यासारखी लोळू लागते. वर उसळणारा प्रवाह हे लोळणे उभे करतो आणि सारा ढगच संथपणे फिरू लागतो. हे फिरणे आकुंचित होत गेले की त्याचा वेग वाढतो. फिरत्या खुर्चीवर हात पसरून बसलेल्या मुलाने हात छातीशी घेतले की खुर्ची गरकन वेग घेते, तोच हा नियम. गंमत अशी की, अशा फिरणाऱ्या ढगांपैकी बहुतेक ढग टोर्नेडो न निर्माण करताच विरून जातात. प्रतीत्यसमुत्पाद समजावून सांगताना मी आता हेच उदाहरण घेतो. दमट हवा, कोरडी हवा, वाऱ्यांतील फरक, उसळी. यांतले एक कारण काढून घेतले की टोर्नेडो नाही. भुताला तेथे कामच उरत नाही.

त्याची ताकद किती असते? ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमा राज्यातील टोर्नेडोत फिरत्या रडारने ताशी ४८० किलोमीटरांहून अधिक वेग मोजला. ३१ मे २०१३ रोजी त्याच राज्यात एल रेनो गावाजवळचा टोर्नेडो चार किलोमीटरांहून अधिक रुंद होता. अमेरिकेत वर्षाला सरासरी हजाराहून अधिक टोर्नेडो नोंदले जातात. बहुतेक दुबळे असतात, माणसे मारतात ती थोडीच.

त्या थोड्यांपैकी सर्वांत भयंकर १८ मार्च १९२५ चा. मिसूरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून तो साडेतीन तास धावला; सुमारे ३५० किलोमीटर. ६९५ माणसे गेली. एकट्या मर्फिसबरो शहरात २३४. बुधवारचा दिवस, दुपारची वेळ. शाळा भरलेल्या होत्या. इलिनॉयमधील डी सोटो या लहानशा गावात शाळेची इमारत कोसळून ३३ जण दगावले. आपल्यासारख्यांना, ज्यांच्या भरवशावर आईबाप लेकरे सोडून जातात त्यांना, हा आकडा नुसता आकडा वाटत नाही.

त्या दिवशी सकाळच्या सरकारी हवामान अंदाजात 'टोर्नेडो' हा शब्द नव्हता. तो असणे शक्यच नव्हते, कारण त्या शब्दावर बंदी होती.

ही हकिगत थोडी मागून सांगितली पाहिजे. जॉन पार्क फिनली हा अमेरिकी सैन्याच्या सिग्नल खात्यातला कर्मचारी. १८७९ साली कॅन्सस व शेजारच्या राज्यांत झालेल्या टोर्नेडोंची त्याने पाहणी केली आणि त्याला या विषयाचा ध्यासच लागला. सहाशे टोर्नेडोंच्या जुन्या नोंदी जमवून त्याने अहवाल सिद्ध केला, गावोगाव दोन हजारांहून अधिक स्वयंसेवक वार्ताहर नेमले आणि १८८४ साली टोर्नेडोचे प्रायोगिक अंदाज वर्तवण्यास सुरुवात केली. अंदाज कच्चे होते, हे खरे. परंतु दिशा योग्य होती. मात्र त्या दशकाच्या उत्तरार्धात वरिष्ठांनी अंदाजात हा शब्द वापरण्यास मनाई केली. कारण असे दिले गेले की, टोर्नेडोने जेवढे नुकसान होईल त्याहून अधिक नुकसान त्याच्या वार्तेने उडणाऱ्या घबराटीमुळे होईल. पुढे हवामान खाते सैन्याकडून मुलकी प्रशासनाकडे गेले, पण मनाई तशीच राहिली. १९३८ साली ती थोडी सैल झाली; पूर्णपणे उठली १९५० साली.

लोकांना कळले तर ते घाबरतील, म्हणून त्यांना कळूच द्यायचे नाही! हा युक्तिवाद आपल्या समाजाच्या कानांना अगदीच अनोळखी नाही. ज्ञान झेपणार नाही, असे ज्यांच्याविषयी परस्पर ठरवले जाते त्यांना कधी विचारलेले नसते.

बंदी उठली ती कशी, हेही पाहण्यासारखे आहे. २० मार्च १९४८ रोजी रात्री ओक्लाहोमातील टिंकर हवाई तळावर टोर्नेडो आदळला आणि कोट्यवधी रुपये किमतीची विमाने मोडली. त्या रात्री कामावर असलेल्या हवामान अधिकाऱ्याला त्याची चाहूलही लागली नव्हती. तळाच्या सेनापतीने मेजर अर्नेस्ट फॉबुश आणि कॅप्टन रॉबर्ट मिलर यांना फर्मावले की, असे वादळ आधी ओळखता येते का ते शोधा. दोघांनी जुने नकाशे धुंडाळले. पाचच दिवसांनी, २५ मार्चला सकाळी समोर आलेला नकाशा २० तारखेच्या नकाशाशी विलक्षण जुळत होता. एकाच ठिकाणी पाच दिवसांत दुसऱ्यांदा टोर्नेडो येण्याची शक्यता नगण्य. अंदाज चुकला तर नोकरीवर डाग. तरीही दुपारी त्यांनी इशारा दिला. विमाने आत घेतली गेली, माणसे सुरक्षित जागी गेली. सायंकाळी सहाच्या सुमारास टोर्नेडो खरोखरच तळावर आला. मिलर तोवर आपला अंदाज फसला असे समजून घरी गेला होता.

हा इशारा विमानतळापुरता होता. बाहेरच्या वस्तीतील सामान्य माणसाला तो नव्हता. पुढची दोन वर्षे सैन्याचे अंदाज सैन्याच्या तळांना मिळत राहिले. विमानांना ठाऊक होते, शेतकऱ्याला नव्हते. ही गोष्ट बाहेर फुटली, लोक विचारू लागले आणि मग १९५० च्या जुलैमध्ये हवामान खात्याच्या प्रमुखांनी परिपत्रक काढून मनाई रद्द केली. १९५२ पासून जनतेसाठी अंदाज सुरू झाले.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना दामोदर आणि महानदी यांच्या पुरांचा प्रश्न त्यांच्यापुढे आला. पुराचे पाणी हे संकट नसून संपत्ती आहे, ते अडवून वापरले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. पूर अडवता येतो. टोर्नेडो अडवता येत नाही. धरण नाही की भिंत नाही. त्याच्यापुढे माणसाजवळ एकच साधन असते, ते म्हणजे वेळेवर मिळालेली माहिती. तीच दाबून ठेवली तर हाती काही उरत नाही.

या शास्त्राला सर्वांत मोठे देणे दिले ते तेत्सुया फुजिता यांनी. जपानमधील कोकुरा शहराजवळच्या तंत्रमहाविद्यालयात ते शिकवत होते. ९ ऑगस्ट १९४५ रोजी दुसरा अणुबॉम्ब मुळात कोकुरावर पडायचा होता. ढग आणि धुरामुळे शहर वैमानिकांना दिसले नाही आणि विमान नागासाकीकडे वळले. काही आठवड्यांनी चोवीस वर्षांचे फुजिता हिरोशिमा व नागासाकीच्या पाहणीला गेले. झाडे कोणत्या दिशेला पडली, वस्तू कोणत्या बाजूने जळाल्या, यावरून बॉम्ब किती उंचीवर फुटला याचा त्यांनी अंदाज बांधला. विनाशाच्या खुणांवरून विनाशाची गती वाचणे ही त्यांची विद्या. १९५३ मध्ये ते शिकागो विद्यापीठात गेले आणि तीच विद्या टोर्नेडोला लावली. १९७१ साली त्यांनी नुकसानीवरून तीव्रता ठरवणारी श्रेणी मांडली. सुधारित स्वरूपात ती आजही वापरात आहे. ३ व ४ एप्रिल १९७४ रोजी तेरा राज्यांत १४८ टोर्नेडो झाले, तेव्हा त्यांनी विमानातून पाहणी केली. काही जंगलांत झाडे भोवऱ्याप्रमाणे न पडता मध्यबिंदूपासून सर्व बाजूंना पडलेली दिसली. नागासाकीत पाहिली होती तशीच. ढगातून खाली कोसळणाऱ्या हवेच्या झोताचा शोध त्यांना यातून लागला आणि पुढे विमान अपघात टाळण्यास त्याचा मोठा उपयोग झाला. एवढे सारे केलेल्या या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पहिला टोर्नेडो पाहिला तो १९८२ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी.

पाहण्याची ही ओढ विलक्षण असते. टिम समारास नावाच्या अभियंत्याने टोर्नेडोच्या वाटेवर उपकरणे ठेवण्याचे काम अनेक वर्षे केले. २००३ साली साउथ डकोटा राज्यात त्याच्या उपकरणाने क्षणार्धात हवेचा दाब १०० मिलिबार उतरल्याची नोंद केली. वर उल्लेखिलेल्या एल रेनोच्या टोर्नेडोने अचानक दिशा बदलली. त्यात समारास, त्यांचा मुलगा आणि एक सहकारी असे तिघेही गेले. निव्वळ थरारासाठी मागे धावणारे पुष्कळ असतात. समारास त्यांतले नव्हते.

आता मोजणीविषयी. ७ मे १८४० रोजी मिसिसिपी नदीकाठच्या नॅचेझ शहरावर टोर्नेडो आला. मृतांचा अधिकृत आकडा ३१७; त्यांतले बहुसंख्य नदीतल्या नावांवरचे. आसपास कापसाचे मळे होते आणि मळ्यांवर गुलाम होते. गुलामांचे मृत्यू माणसांच्या यादीत धरण्याची रीत तेव्हा नव्हती. म्हणून खरा आकडा याहून मोठा असावा असे मानले जाते. गुलामगिरी संपून सात दशके झाल्यावर, ५ एप्रिल १९३६ रोजी त्याच राज्यातील ट्युपेलो शहरात दोनशेहून अधिक माणसे मेली. तेथेही कृष्णवर्णीय मृतांची नोंद नीट झाली नाही. वादळ रंग पाहत नाही. यादी करणारा पाहतो.

आणि जगातील सर्वांत प्राणघातक टोर्नेडो अमेरिकेत झालेलाच नाही. तो २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील माणिकगंज जिल्ह्यात, दौलतपूर व सातुरिया भागात झाला. सुमारे १,३०० माणसे मेली, बारा हजार जखमी झाली, ऐंशी हजार बेघर झाली. त्याआधी तो मुलूख कित्येक महिने पावसाची वाट पाहत होता. बंगालच्या उपसागरावरील दमट हवा आणि वायव्येकडील कोरडी हवा वैशाखाच्या सुमारास तेथे भिडते, त्यामुळे आपल्या पश्चिम बंगाल व ओडिशातही हे संकट येते. २४ मार्च १९९८ रोजी दांतन परिसरात दीडशेहून अधिक बळी गेले. १७ मार्च १९७८ रोजी तर उत्तर दिल्लीत टोर्नेडो होऊन २८ जण दगावले. अमेरिकेतील टोर्नेडोंच्या तुलनेत बांगलादेशातले संख्येने फार थोडे. मृत्यू मात्र अफाट. दाट वस्ती, कुडाच्या भिंती, उडून सुरीसारखे कापणारे पत्रे आणि इशारा देणारी यंत्रणा नसणे, ही त्याची कारणे. अमेरिकेतही चाकांवरच्या हलक्या घरांत राहणारे गरीब लोक त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी अधिक मरतात.

२० मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील मूर शहरावर टोर्नेडो आला. इशारा मिळाला होता. वादळ जमिनीला टेकण्याच्या सुमारे सोळा मिनिटे आधी. प्लाझा टॉवर्स या प्राथमिक शाळेतील शिक्षिकांनी मुलांना मार्गिकांमध्ये भिंतींशी बसवले, आपली अंगे त्यांच्यावर घातली. पण त्या इमारतीत भक्कम निवारा नव्हता. सात मुले गेली. १९९९ च्या वादळानेही हेच शहर उद्ध्वस्त केले होते, म्हणजे मध्ये चौदा वर्षे मिळाली होती. पुढच्याच वर्षी शहराने घरबांधणीचे नियम कडक केले आणि ती शाळा पुन्हा बांधली. नव्या इमारतीत टोर्नेडोपासून संरक्षण देणारा निवारा आहे.