ब्याण्णव म्हणजे निम्मं

‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ या ऑनलाइन खेळात मासेमारीची दुसरी लेव्हल गाठायला 83 एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, लागतात. एका कोळंबीचे 10 मिळतात. नऊ कोळंब्या जाळ्यात आल्या की काम झालं! पण सर्वांत वरची लेव्हल 99 आणि तिथवरची एकूण बेरीज 1,30,34,431. वरच्या टप्प्यांत दर सात लेव्हलला ही बेरीज जवळजवळ दुप्पट होते. म्हणून 92 वर पोचलेल्याचा निम्मा रस्ता अजून बाकीच असतो.

केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीनं 2013 मध्ये हा खेळ आणला, तो 2007 सालच्या रूनस्केपच्या जपून ठेवलेल्या प्रतीवरून. त्यातला संथपणाही तसाच आला. माझ्या मते या खेळाचा जीव त्या संथपणातच आहे, आणि तो कळतो खेळातल्या बार्बेरियन व्हिलेज या गावाजवळ, लम नदीच्या काठी.

इथं ट्राउट आणि सामन मिळतात. ट्राउटला मासेमारीची 20 वी लेव्हल लागते, सामनला 30 वी. हातात गळ आणि पिशवीत पिसं हवीत. दर माशामागे एक पीस खर्ची पडतं. पाण्यात मासे दिसतात तिथं क्लिक केलं की आपलं पात्र गळ टाकून उभं राहतं. ट्राउटचे 50 एक्सपी, सामनचे 70. मध्येच मासे जागा बदलतात, पात्र नुसतंच उभं राहतं आणि आपल्याला नवी जागा शोधावी लागते. पिशवीत कप्पे 28. गळ आणि पिसांचे दोन गेले की उरतात 26, आणि ते भरले की खरा प्रश्न येतो: या माशांचं करायचं काय?

भराभर लेव्हल वाढवायची असेल तर मासे तिथंच जमिनीवर टाकायचे आणि पुन्हा गळ लावायचा. पुष्कळजण तेच करतात. मी मात्र झाड तोडतो, काठावरच जाळ करतो आणि मासे भाजतो. त्यासाठी कुऱ्हाड आणि चकमकपेटीचे आणखी दोन कप्पे जातात, मासेमारीचा वेग घटतो, सुरुवातीला बरेच मासे करपतातही. पण लाकूडतोड, जाळ आणि स्वयंपाक या तिन्ही कौशल्यांचे एक्सपी त्याच फेरीत पदरात पडतात. भाजलेला ट्राउट लढाईत पात्राच्या जीवाचे 7 गुण (हिटपॉइंट) भरून देतो, सामन 9. टाकून दिलेला मासा फक्त एक आकडा वाढवतो. भाजलेला पुढच्या लढाईत पोटात जातो.

थांबायला वेळ असल्यामुळेच काठावर गप्पा होतात. कुणाची लेव्हल वाढली की त्याच्या डोक्यावर आतषबाजी होते आणि शेजारचे अनोळखी खेळाडू अभिनंदन लिहितात. पिसं कुठं स्वस्त मिळतील, पुढं कुठल्या गावी जावं, हे मला तिथंच कळलं. लेव्हल मिनिटामिनिटाला वाढत असती तर तिथं कोण कशाला रेंगाळलं असतं?

नव्यानं खेळणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. तासाला किती एक्सपी मिळतात हे जरूर पाहा, पण त्यावरून काम निवडू नका. जे काम आकडा न वाढताही करावंसं वाटेल, तेच हाती घ्या. कारण या खेळातला बहुतेक वेळ दोन लेव्हलच्या मधेच जातो.