सात दारं, एक चौक

तुमचे पुढच्या वीस वर्षांचे मित्र कोण असतील, हे तुमच्या इमारतीचा जिना ठरवणार आहे, असं कुणी सांगितलं तर?

बदलापूर, खारघर, विरार, वाघोली... शहराच्या कडेला घर शोधायला निघालं की आपले प्रश्न ठरलेले असतात. कार्पेट एरिया किती? स्टेशन किती लांब? पाणी किती वेळ येतं? मेंटेनन्स किती? मनात मात्र आणखी एक इच्छा असते. श्वास घ्यायला मोकळी जागा हवी आणि हाक मारली तर ओ देणारी माणसंही हवीत. फार खेटून नको, फार एकटंही नको. हे जुळेल की नाही, ते आपण नशिबावर सोडतो. ‘शेजार चांगला मिळाला म्हणजे झालं!’

पण शेजार कसा मिळेल हे बऱ्याच अंशी आधीच, नकाशावर ठरलेलं असतं. कसं ते बघायला आपल्याला आधी अमेरिकेत जावं लागेल.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. युद्धावरून परतलेली तरुण मंडळी बायकापोरांसह शिकायला आली आणि बोस्टनजवळच्या एमआयटी या संस्थेने त्यांच्यासाठी वेस्टगेट नावाची वसाहत उभी केली. तिच्या एका भागात साध्या दुमजली इमारती होत्या. प्रत्येक मजल्यावर ओळीने पाच घरं. घर निवडायची सोय नव्हती. यादीत नंबर लागला की रिकामं असेल ते घर मिळायचं. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की अभ्यासाला अशी संधी पुन्हा मिळणार नाही. माणसं जवळजवळ चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटली गेली होती. मग मैत्री कुणाची कुणाशी होते?

१९५० साली त्यांनी जे प्रसिद्ध केलं ते आजही चकित करतं. एकाच मजल्यावरच्या, अगदी शेजारच्या दारांत मैत्री जुळण्याचं प्रमाण ४१ टक्के. एक दार सोडून पुढे गेलं की २२. दोन दारं सोडली की १६. आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत फक्त १० टक्के. दोन शेजारच्या दारांतलं अंतर सुमारे १९ फूट होतं आणि दोन्ही टोकांमधलं ९० फुटांच्याही आत. नव्वद फूट म्हणजे अर्धा मिनिट चालणं! एवढ्याशा अंतरात मैत्रीची शक्यता चौथाईवर येते?

येते, कारण ही गोष्ट फुटांची नाही, वाटेची आहे. तळमजल्यावर जिन्याच्या पायथ्याशी ज्यांचं घर होतं, त्यांना वरच्या मजल्यावरचे मित्र इतरांपेक्षा जास्त मिळाले. त्यांचा स्वभाव जास्त गोड होता असं नाही. वरच्या माणसांना रोज त्यांच्या दारावरून जावं लागायचं, इतकंच. वसाहतीच्या दुसऱ्या भागात सुटी घरं होती, अंगणाकडे तोंड करून बसलेली. त्यातल्या कोपऱ्यावरच्या काही घरांची तोंडं मात्र रस्त्याकडे होती. त्या घरांतल्या लोकांना इतरांच्या निम्म्याहूनही कमी मित्र मिळाले. घर तेच, माणसं तशीच, फक्त दार फिरवलेलं!

म्हणजे काय, जितकं जवळ तितकं बरं? मग चाळीत नुसतं प्रेमच असायला हवं होतं. चाळीत राहिलेल्या कुणालाही विचारा. ज्या घरातून आमटीची वाटी येते, त्याच घराशी नळावरून चार दिवस अबोला असतो. हे दोन्ही एकाच जागी कसं नांदतं?

याचं उत्तर १९७६ साली आलं. कॅलिफोर्नियातल्या एका वसाहतीत संशोधकांनी उलटा प्रश्नही विचारला: तुम्हाला नकोसं कोण वाटतं? नकोशी माणसंही शेजारचीच निघाली. मित्रांपेक्षाही जवळची! पण आश्चर्य पुढेच आहे. मैत्री आणि वैर यांची कारणं वेगवेगळी होती. मैत्री जुळली ती वारंवार समोरासमोर येण्यातून. वैराला मात्र भेटण्याची गरजच नव्हती. आवाज, कुत्रं, कचरा, गाडी भलतीकडे लावणं, म्हणजे दुसऱ्याने आपल्या जगण्यात घातलेला व्यत्यय त्याला पुरेसा होता. मैत्री वाटेवरून चालत येते आणि भांडण भिंतीतून झिरपतं.

आता चाळीचं कोडं बघा. एक लांब गॅलरी, सगळी दारं तिच्यावर. वाट सामायिक, म्हणून जिव्हाळा. खोल्यांमधल्या भिंतीही सामायिक, नळही सामायिक, म्हणून भांडण. आणि आजचा टॉवर? भिंत सामायिक आहेच, वरच्याची फरशी म्हणजे आपलं छत आहे, पण वाट उरलीय ती लिफ्टमधल्या काही सेकंदांची. भांडणाची सोय राखली आणि मैत्रीची काढून घेतली. मला तर आपल्या गृहबांधणीतली ही सगळ्यात मोठी चूक वाटते, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

मग याच्या बरोबर उलट करता येईल का? वाट सामायिक, भिंत मात्र ज्याची त्याची?

येतं. ते करून झालेलं आहे आणि ते बघायला परदेशी जायला नको. नवी मुंबईत, सीबीडी बेलापूरच्या सेक्टर आठमध्ये, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी आर्टिस्ट व्हिलेज आहे. मूळचे गोव्याचे असलेल्या घराण्यातले वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी ते १९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी उभारलं. प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासोबत खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना १९६०च्या दशकात ज्यांनी मांडली, तेच हे कोरिया. सुमारे साडेपाच हेक्टर जमीन आणि साडेपाचशेच्या आसपास कुटुंबं, तीही कमी उंचीच्या घरांत.

नकाशा समोर घेतला की पहिली करामत दिसते. सात घरं एका छोट्या चौकाभोवती. चौक किती मोठा? आठ मीटर बाय आठ मीटर. असे तीन गट मिळून २१ घरं, त्यांच्यामध्ये १२ बाय १२ मीटरचा चौक. असे तीन समूह मिळून ६३ घरं आणि मध्ये २० बाय २० मीटरची मोकळी जागा. पावसाळ्यात डोंगरावरून उतरणारं पाणी वाहून नेणारा ओढा वसाहतीच्या मधून जातो.

आता जरा हिशेब करू. आठ बाय आठ म्हणजे ६४ चौरस मीटर, भागिले सात घरं. प्रत्येकाच्या वाट्याला येतात नऊ चौरस मीटर, म्हणजे दहा बाय दहा फुटांची एक खोली. भिशीत जसे सगळे थोडे थोडे पैसे टाकतात, तशी प्रत्येक घराने एकेक खोली टाकली आणि बदल्यात सातही घरांना सात खोल्यांएवढं आकाश मिळालं. तिन्ही चौकांचा वाटा जोडला तर घरटी २२ चौरस मीटरच्या आसपास जागा जाते. एवढीच जागा प्रत्येकाच्या घरापुढे वेगळी दिली असती तर? मुलांना धावायलाही पुरली नसती.

आणि सातच का? सात घरांत जोड्या किती होतात ते मोजा: एकवीस. एकवीस नाती माणूस डोक्यात सहज ठेवू शकतो. कुणाचं कुणाशी पटतं, कुणाकडे दुखणं आहे, कुणाचा मुलगा दहावीला आहे. २१ घरांत याच जोड्या २१० होतात आणि ६३ घरांत १,९५३! मोठ्या चौकात जी ओळख असते ती ‘काय, बरं आहे ना’ एवढीच असते, आणि ती तेवढीच असावी. एकाच घराला तीन तऱ्हेचा शेजार मिळतो: घट्ट, सैल आणि तोंडओळखीचा.

डेन्मार्कचे वास्तुरचनाकार यान गेल यांनी माणसाच्या कानांच्या आणि डोळ्यांच्या पल्ल्यांची मोजणी लोकांपुढे ठेवली. साधारण सात मीटरपर्यंत आवाज न चढवता गप्पा मारता येतात. वीस-पंचवीस मीटरपर्यंत चेहऱ्यावरचा भाव वाचता येतो, समोरचा हसतोय की वैतागलाय ते कळतं. पुन्हा बेलापूरचे आकडे आठवा. छोट्या चौकाची रुंदी आठ मीटर, म्हणजे पायरीवर बसून समोरच्या पायरीशी बोलता येईल इतकी. मोठ्या चौकाची वीस, म्हणजे पलीकडून येणाऱ्याचा चेहरा वाचता येईल इतकी. माणसाच्या कानाच्या आणि डोळ्यांच्या मापाने जमीन कापलेली!

भिंतीचं काय केलं? ही करामत मला पहिलीहून मोठी वाटते. इथे प्रत्येक घर आपापल्या जागेवर सुटं उभं आहे. शेजाऱ्याची भिंत ती आपली भिंत असं नाही. त्यामुळे पैसा आला की माणूस शेजाऱ्याला न विचारता खोली वाढवू शकतो, माडी चढवू शकतो. घरंही गवंडी-सुतारांना सहज बांधता येतील अशी साधी होती. जागेचा आकार ४५ चौरस मीटरपासून ७५ पर्यंत, तर घरांची किंमत त्या वेळी वीस हजार रुपयांपासून एक लाख ऐंशी हजारांपर्यंत. किमतीत नऊपट फरक आणि जमिनीत दुपटीहूनही कमी! गरीब-श्रीमंत एकाच चौकाभोवती बसू शकतात ते असे.

आज तिथे गेलात तर मूळची कौलारू घरं फार थोडी दिसतील. बहुतेकांनी ती पाडून सिमेंटचे दोन-तीन मजले चढवले आहेत. काहींना याची हळहळ वाटते. मला वाटत नाही. घर वाढावं म्हणूनच ही रचना होती. महत्त्वाचं हे की घरांचं एवढं सगळं बदलूनही चौकांची मांडणी अजून वाचता येते.

चौक झाला, रस्त्याचं काय? शहररचनाकार डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९७०च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोमधल्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला. रस्ते एकसारखे, फक्त वाहनांची संख्या वेगळी. जिथून दिवसाला दोन हजार गाड्या जात, तिथे माणसाला रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. जिथून सोळा हजार जात, तिथे एकही पुरता नाही, ०.९! मग त्यांनी रहिवाशांना आणखी एक गोष्ट सांगितली: तुम्हाला ‘आपलं’ वाटतं तेवढं नकाशावर रेखाटा. शांत रस्त्यावरच्या लोकांनी अख्खा रस्ता आपला म्हणून दाखवला. गर्दीच्या रस्त्यावरचे लोक आपल्या इमारतीच्या आतच थांबले. कार्पेट एरिया न बदलता घर लहान-मोठं होतं, हे कागदावर उमटलेलं! याच ॲपलयार्ड यांचा १९८२ साली अथेन्समध्ये गाडीच्या धडकेने मृत्यू झाला.

हा झाला शेजाराचा हिशेब. श्वास घ्यायच्या मोकळ्या जागेचा, उजेड-वाऱ्याचा हिशेब मात्र आपल्याकडे फार आधी झाला होता. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याच्या आखीव वस्त्या या ट्रस्टच्या. कोंदट खोल्या हे रोगाचं घर, म्हणून ट्रस्टने एका कोनाचा आग्रह धरला: साडेत्रेसष्ट अंश. हा विचित्र आकडा का? भिंतीच्या पायाशी उभं राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे बघताना नजर एवढीच वर चढली, तर समोरच्या इमारतीची उंची मधल्या जागेच्या बरोबर दुप्पट असते. दोन इमारतींत दहा मीटर सोडले तर समोरची वीस मीटरच्या वर जायची नाही. आज आपण ज्याला सामासिक अंतर म्हणतो त्याच्यामागे हीच उजेडाची चिंता आहे. टॉवरच्या खिडकीतून समोरच्याच्या स्वयंपाकघरातला कुकर दिसतो, तेव्हा ते अंतर कितीने आटलं आहे हे डोळ्यांना लगेच कळतं.

तेव्हा घर बघायला जाल तर सॅम्पल फ्लॅटच्या आधी साइट प्लॅन मागा आणि सोबत पेन्सिल न्या. मजल्यावर दारं किती, ती एकमेकांकडे बघतात की भिंतीकडे? लिफ्टपासून गेटपर्यंतची रोजची वाट काढा. तिच्यावर थांबायला जागा आहे का, की ती सरळ पार्किंगमधून जाते? आपल्या झोपायच्या खोलीला लागून शेजाऱ्याचं काय आहे, त्याची झोपायची खोली की टीव्हीची भिंत? बाग मोठी आहे म्हणून हुरळू नका. चारशे घरांना मिळून एकच मोठं उद्यान असेल, तर ते कुणाचंच अंगण नसतं. सात-आठ दारांपुढचा वेडावाकडा तुकडा त्याहून मोलाचा आहे. गेल यांचा आणखी एक पल्ला लक्षात ठेवा: पाचव्या मजल्याच्या वर गेलं की जमिनीवरच्या माणसांशी नातं जवळपास तुटतं. लहान मुलं किंवा म्हातारे आई-वडील बरोबर राहणार असतील, तर वरच्या मजल्यावरून दिसणाऱ्या डोंगरासाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी दुसरा-तिसरा मजला रिकामा आहे का ते विचारा. तो बहुतेक वेळा स्वस्तही असतो.