ग्राफिक्स कार्डास साजेसा प्रोसेसर

हिमायतनगरच्या एखाद्या घरीं मुलाच्या हट्टानें संगणकास भारी ग्राफिक्स कार्ड बसवावें आणि खेळ पूर्वीइतकाच अडखळावा, तर दोष कार्डाचाच असेल असें नाहीं. कोणती वस्तु कोठें हलली याचा हिशेब प्रोसेसर करतो. चित्र रंगवितें तें कार्ड. हिशेबच उशिरां आला तर चितारी कुंचला धरून बसून राहणार!

मात्र किंमतीस किंमत जुळविणें हा उपाय नव्हे, पडदा पाहावा. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारें २१ लाख ठिपके असतात, फोर-केवर चौपट. ठिपके वाढले कीं भार कार्डावर पडतो, प्रोसेसरचें काम फारसें वाढत नाहीं. पुण्याच्या सी-डॅकनें २०२० सालीं उभारलेल्या 'परम सिद्धी'च्या प्रत्येक घटकांत आठ ए-१०० जीपीयूंमागें दोनच प्रोसेसर ठेवले, कारण तेथील बहुतेक गणित जीपीयूच करतात.

खेळ चालूं असतां कार्डाचा वापर ९५ टक्क्यांवर असेल, तर नव्या प्रोसेसरांत पैसा घालवूं नये. तो ६० वर रेंगाळत असेल, आणि फ्रेमसंख्येवर मर्यादा घातलेली नसेल, तरच बदल करावा. तोहि मदरबोर्डाच्या सॉकेटांत बसेल असाच. २०१७ च्या पुष्कळ एएम-४ बोर्डांवर, बायॉस अद्ययावत् केल्यास, २०२२ चा रायझन ५८००एक्स-३डी चालतो.