बोटीच्या मोटरचं ऑईल गळतं तेव्हा

आर्वी तालुक्यात धनोडीजवळ वर्धा नदीवर निम्न वर्धा प्रकल्पाचा जलाशय आहे. अशा पाण्यात बोटीच्या मागे लावायची मोटर चालली आणि पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला, की आधी ऑईल कुठलं ते ओळखावं. जुन्या टू-स्ट्रोक मोटरमध्ये ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. त्यातलं न जळलेलं काळं ऑईल एक्झॉस्टमधून ठिबकतं. ती गळती नव्हे.

खरी काळजी खालच्या गिअरबॉक्सची. तळाचा स्क्रू सैल करून थोडं ऑईल काढा. ते दुधाळ निघालं, तर आत पाणी शिरलंय. जिथून ऑईल बाहेर जातं तिथूनच पाणी आत येतं.

गुन्हेगार बहुधा पंख्यामागे सापडतो. जाळ्याचा नायलॉन धागा शाफ्टला गुंडाळला जातो आणि ऑईल सीलची रबरी कड कापतो. पंखा काढून धागा सोडवावा, नंतर हातपंपाने कंपनीने सांगितला तेवढाच हवेचा दाब देऊन साबणाचं पाणी लावावं. बुडबुडे येतील तिथे गळती. पंक्चरवाल्याचीच युक्ती!

नवं सील बसवण्याआधी शाफ्टवरून नख फिरवा. खाच लागली तर नवं सीलही टिकत नाही. स्क्रूचे वॉशर नवेच घाला. ऑईल खालच्या भोकातून भरायचं, वरच्यातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते. आधी वरचा स्क्रू, मग खालचा.