विमानाला ऑफ-सीझन नसतो

दसरा जवळ आला की आमच्या बारामती-इंदापूर पट्ट्यात साखर कारखान्यांच्या धुराड्यांकडे लोकांचं लक्ष लागतं. माळेगाव असो, सोमेश्वर असो की भवानीनगरचा छत्रपती, क्रम सगळीकडे ठरलेला. आधी मिल रोलरचं पूजन, मग बॉयलरचं अग्निप्रदीपन आणि शेवटी गव्हाणीत मोळी. या समारंभांच्या आधी चार-सहा महिन्यांचं घामाचं काम झालेलं असतं. टर्बाईन उघडलेली असते, बॉयलरच्या गळक्या नळ्या बदललेल्या असतात, झिजलेल्या रोलरचे दाते पुन्हा पाडलेले असतात. ऑफ-सीझनला हे केलं नाही तर भर गाळपात मिल थांबते आणि उसाच्या ट्रॉल्यांची रांग रस्त्यावर येते.

माझे थोरले भाऊ एका कारखान्यात मिल फोरमन होते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्यांना आणि वहिनींना अमेरिकेच्या विमानात बसवायला मी मुंबईला गेलो होतो. त्यांचा मुलगा तिकडे नोकरीला. बारामतीहून दुपारीच निघालो, कारण पाटस, पुणे आणि पुढचा द्रुतगती मार्ग यांचा भरवसा कोणी द्यावा? विमानतळावर पोहोचलो तर उड्डाण आधी तीन तास पुढे गेलं, मग सहा तास आणि पहाटे रद्द झालं. कारण एका शब्दाचं होतं, ‘तांत्रिक’. दादांच्या मधुमेहाच्या गोळ्या आत गेलेल्या बॅगेत होत्या. बाकावर बसून त्यांनी मला विचारलं, “यांच्या विमानाला ऑफ-सीझन कधी असतो रे?”

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मी ते शोधतो आहे.

विमानाला ऑफ-सीझन नसतो. विमान वर्षभर उडतं आणि त्याची देखभाल तुकड्या-तुकड्यांनी होते. काही शे तास उडाल्यावर एखाद्या रात्रीत उरकणारी ‘ए चेक’, साधारण दीड-दोन वर्षांनी आठवडा-दोन आठवडे चालणारी ‘सी चेक’ आणि सहा ते बारा वर्षांतून एकदा अंगावरचं सगळं उतरवून सांगाडा तपासणारी मोठी तपासणी. जितकं विमान जुनं, तितकी ही मोठी तपासणी लांबते, कारण उघडल्यावर आतून काय निघेल हे आधी सांगता येत नाही. हे काम करणारी एक मोठी कार्यशाळा आपल्याच राज्यात आहे. नागपूरच्या मिहानमध्ये बोईंगने एअर इंडियाच्या विमानखरेदीच्या बदल्यात हे देखभाल केंद्र उभारून दिलं आणि ते 2015 मध्ये सुरू झालं. पुढे विमान कंपनी टाटांकडे गेली, पण ही दुरुस्ती करणारी कंपनी सरकारकडेच राहिली.

आता मुंबई-दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या मोठ्या विमानांकडे येऊ. मोठं म्हणजे आत दोन वाटा असलेलं, ज्याला ‘वाईड-बॉडी’ म्हणतात. जानेवारी 2006 मध्ये या कंपनीने बोईंगकडे 68 विमानांची मागणी नोंदवली. त्यात 23 विमानं 777 जातीची आणि 27 विमानं 787 जातीची होती. पहिलं 777 आलं 2007 मध्ये, पहिलं 787 आलं 2012 मध्ये. नंतरची बरीच वर्षं कंपनी कर्जात होती आणि सुट्या भागांना पैसा नव्हता. एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा आणि पहिलं कोपऱ्यात उभं करायचं, ही पाळी आली. आपल्याकडे जुना ट्रॅक्टर ‘पार्टला काढतात’, तसंच हे. 27 जानेवारी 2022 रोजी टाटांनी कंपनी परत घेतली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात कंपनीनेच सांगितलेला आकडा असा, की 43 मोठ्या विमानांपैकी उडणारी 33.

तरीही उड्डाणं वाढवायची होती. अमेरिकेतल्या डेल्टा कंपनीने 2020 मध्ये सेवेतून काढलेली पाच 777 विमानं भाड्याने आणली गेली आणि मुंबईहून सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्कच्या थेट फेऱ्या जाहीर झाल्या. आमच्याकडच्या कितीतरी घरांना याचा आनंद झाला. विद्या प्रतिष्ठानच्या कॉलेजात शिकून कॅलिफोर्नियात गेलेल्या मुलांचे आईवडील मधल्या विमानतळावर विमान बदलायला घाबरतात. त्यांना थेट विमान म्हणजे देवदर्शनाची थेट एसटी वाटते. मी त्यांना दोष देत नाही.

पण सोळा-सतरा तासांच्या फेरीत एक गणित दडलेलं आहे. गेलेलं विमान परत यायला जवळपास दोन दिवस लागतात. ते तिकडे बिघडलं तर तिकडून परतीची फेरी मोडते, तिच्यामागची पुढची मोडते. छोट्या मार्गावर दुसरं विमान ओढून आणता येतं. मोठं विमान हाताशी मोकळं ठेवणं महाग, म्हणून ते ठेवलेलंच नसतं. त्यात वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा आहे, आणि असायलाच हवी. दुरुस्तीत पाच तास गेले की त्यांची वेळ संपते. मग विमान दुरुस्त होऊनही जागेवरच उभं राहतं, कारण उडवायला ताजी माणसं नसतात. ‘तांत्रिक कारण’ या दोन शब्दांमागे बहुधा ही सगळी साखळी असते.

विमानातला प्रत्येक बिघाड उड्डाण थांबवत नाही. कोणती वस्तू बंद असताना, कोणत्या अटीवर, किती दिवस उडता येईल, याची मंजूर यादी असते. मात्र दिल्ली-मुंबईला चालून जाणारा बिघाड ध्रुवाकडून किंवा महासागरावरून जाताना चालत नाही. तिथे जवळचा विमानतळही तासन्‌तास लांब असतो.

6 जून 2023 रोजी हे सगळ्यांना दिसलं. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या 777 च्या एका इंजिनात बिघाड झाला आणि विमान रशियाच्या अतिपूर्वेला मगादानला उतरलं. 216 प्रवासी आणि 16 कर्मचारी. मुक्काम वसतिगृहांत आणि शाळेत. त्यांना पुढे नेण्यासाठी मुंबईहून दुसरं विमान पाठवावं लागलं. वैमानिकांनी योग्य तेच केलं, उतरले. पुढच्या वर्षी जुलैत याच मार्गावरचं विमान मालकक्षात धुराचा इशारा मिळाल्याने क्रास्नोयार्स्कला उतरलं. त्याआधी, 30 मे 2024 ला, दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या विमानात प्रवासी वातानुकूलनाशिवाय बसून राहिले, काही जणांना भोवळ आली आणि उड्डाण सुमारे 30 तास उशिरा झालं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कारणे दाखवा नोटीस काढली. दिल्लीच्या मे महिन्यातल्या उन्हात बंद विमानात माणसं बसवून ठेवणं हा माझ्या मते बिघाड नव्हता, तो निर्णय होता. आणि चुकीचा होता.

सगळाच दोष यंत्राचा नसतो, हेही लिहिलं पाहिजे. मार्च 2025 मध्ये शिकागोहून दिल्लीला निघालेलं 777 अर्ध्या वाटेतून परत फिरलं, कारण 12 पैकी 8 शौचालयं तुंबली होती. नळ्यांतून प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिंध्या आणि कपडे निघाले.

जुनं विमान म्हणजे धोक्याचं विमान का? हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. विमानाचं वय वर्षांइतकंच उड्डाणांच्या संख्येवर मोजतात, कारण वर जाताना धड फुगतं आणि खाली येताना आवळतं. 28 एप्रिल 1988 रोजी हवाईत अलोहा कंपनीच्या 737 चं छप्पर हवेतच उडालं, एका हवाई सुंदरीचा जीव गेला. ते विमान 19 वर्षांचं होतं, पण बेटाबेटांवरच्या छोट्या फेऱ्यांनी त्याची 89,680 उड्डाणं झाली होती. त्यानंतर जगभर जुन्या विमानांच्या तपासण्या कडक झाल्या. दिवसाला एक लांब फेरी करणाऱ्या विमानाची 18 वर्षांत साडेसहा हजारांच्या आसपास उड्डाणं होतात. सांगाडा टिकतो. कुरकुरतात ते पंप, झडपा, वायरिंग, संवेदक, खुर्च्या. म्हणून जुनेपण मोठ्या विमानाला सहसा पाडत नाही, थांबवतं.

12 जून 2025 च्या अहमदाबादच्या एअर इंडिया अपघाताने मात्र प्रत्येक मनात भीती बसली. 260 जीव गेले. ते 787 विमान 2014 मध्ये ताफ्यात आलं होतं. प्राथमिक अहवालात इंधनाचे स्विच बंद स्थितीत गेल्याचं नोंदलं आहे, विमानाच्या वयाला दोष दिलेला नाही. पण त्यानंतर सर्व 787 च्या वाढीव तपासण्या झाल्या आणि कंपनीने मोठ्या विमानांची आंतरराष्ट्रीय उड्डाणं 15 टक्क्यांनी कमी केली. 1 सप्टेंबरपासून दिल्ली-वॉशिंग्टन बंद झालं. एक कारण पाकिस्तानचं बंद हवाई क्षेत्र, दुसरं म्हणजे जुनी 787 नूतनीकरणासाठी काढावी लागणं. जुलैत पहिलं विमान कॅलिफोर्नियातल्या व्हिक्टरव्हिलला गेलं. म्हणजे अखेर ऑफ-सीझन आला, तोही फेऱ्या बंद करून. मला हा निर्णय पटतो. वेळापत्रक फुगवून पहाटे माणसं परत पाठवण्यापेक्षा आधीच फेरी कमी करणं प्रामाणिकपणाचं आहे.

दुरुस्तीचं मोल आमच्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला वेगळं सांगायला नको. तिथे साखर कारखाना उभारणाऱ्या वालचंद हिराचंदांनीच डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीने बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू केली. महायुद्धात त्या कारखान्याचं मोठं काम होतं अमेरिकी विमानांची दुरुस्ती आणि ओव्हरहॉलिंग. देशातला पहिला विमान कारखाना नावारूपाला आला तो दुरुस्तीच्या कामावरही.

आता प्रवाशाच्या हक्काचं. भारतीय नियमानुसार लांबच्या उड्डाणाला चार तासांहून अधिक उशीर होणार असेल तर खाणंपिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे आणि 24 तासांवर उशीर गेला तर हॉटेलही. पुरेशी पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केलं तर उड्डाणाच्या कालावधीनुसार 5,000 ते 10,000 रुपये, किंवा मूळ भाडं आणि इंधन आकार, यांतलं कमी असेल ते मिळतं. नुसत्या उशिराला रोख भरपाई नाही. युरोपात मात्र आहे, लांबच्या प्रवासाला 600 युरोपर्यंत. तिथल्या न्यायालयाने 2008 मध्येच ठरवलं, की नेहमीचा तांत्रिक बिघाड ही ‘असाधारण परिस्थिती’ म्हणता येत नाही. विमान सांभाळणं हे कंपनीचं रोजचंच काम आहे. आपल्याकडेही उशिराच्या भरपाईचा असा नियम व्हायला हवा. भरपाई द्यावी लागली की जादा विमान ठेवणं परवडायला लागतं.

तोवर, आईवडिलांना पाठवणाऱ्यांनी एवढं करा. बारामती-इंदापूरहून गाडी काढण्याआधी उड्डाणाची स्थिती पाहा आणि तिकिटावर वडिलांचा नव्हे, तुमचा मोबाईल क्रमांक द्या, म्हणजे संदेश तुम्हाला येईल. उड्डाण रद्द झालं तर कारण लेखी मागा, बोर्डिंग पास आणि पावत्या जपून ठेवा. आणि तीन दिवसांच्या गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवा.