विश्लेषण : एसटी कामगारांच्या वतीने बोलायचे कोणी?

ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस पेटलेला एसटीचा संप एप्रिल २०२२मध्ये मिटला, तोही वाटाघाटीने नव्हे, न्यायालयाच्या आदेशाने. महामंडळात अनेक संघटना असताना तडजोड का झाली नाही?

वाटाघाटीचा हक्क कोणाला?

राज्याच्या १९७१च्या कामगार संघटना मान्यता कायद्यानुसार, उपक्रमातील किमान ३० टक्के कामगार सहा महिने सभासद असलेल्या संघटनेला औद्योगिक न्यायालय मान्यता देऊ शकते. एका उपक्रमात मान्यता एकाच संघटनेला. तिने केलेला करार इतरांनाही लागू होतो. संपासाठी १४ दिवसांची नोटीस आणि मान्यताप्राप्त संघटनेच्या बहुसंख्य सभासदांचा कौल लागतो.

विश्वास कुठे तुटला?

एसटीत दर चार वर्षांनी वेतन करार करण्याची पद्धत होती. २०१६-२०च्या कराराचे घोडे मात्र अडले. ऑक्टोबर २०१७मध्ये ऐन दिवाळीत संप झाला. उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. जून २०१८मध्ये सरकारने ४,८४९ कोटी रुपयांची वेतनवाढ एकतर्फी जाहीर केली. पगार घोषणेनेच ठरणार असेल, तर संघटनेच्या सहीला किंमत काय उरते?

२०२१मध्ये काय घडले?

२७ ऑक्टोबरला संघटनांच्या कृती समितीने उपोषण सुरू केले. २८ टक्के महागाई भत्ता मान्य होताच ते मागे घेतले. अनेक आगारांतील कामगार मात्र हटले नाहीत. त्यांना हवे होते राज्य शासनात विलीनीकरण. नोव्हेंबरमध्ये मूळ वेतनात अडीच ते पाच हजारांची वाढ जाहीर झाली, तरी संप सुरूच राहिला. संघटनांचा शब्द कामगार मानत नव्हते आणि सरकारशी करार करू शकेल असा दुसरा कोणी नव्हता. किंमत दोन्ही बाजूंनी मोजली : गावागावांतील प्रवाशांनी आणि पगार बुडालेल्या, निलंबन-बडतर्फी ओढवलेल्या कामगारांनी. त्रिसदस्यीय समितीने विलीनीकरणाला नकार दिला. ७ एप्रिलला न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर होण्यास सांगितले.

विलीनीकरण झाले असते तर?

नोकरीची आणि वेळेवर पगाराची हमी मिळाली असती. पण सरकारी कर्मचाऱ्यांचे वेतन करारावर नव्हे, वेतन आयोगावर ठरते. त्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणजे हमीच्या बदल्यात सौदा करण्याची ताकद गेली असती.

धडा काय?

सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा संप झाला. या वेळी कृती समिती तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याशी चर्चेला बसली, मूळ वेतनात साडेसहा हजारांची वाढ ठरली आणि दोन दिवसांत संप मिटला. कायदा संघटनेला वाटाघाटीची खुर्ची देतो, पण आगारातला विश्वास तिला स्वतःच कमवावा लागतो. आणि तो टिकायचा, तर सरकारनेही घोषणेआधी चर्चेला बसायला हवे.